चूक माझी नव्हती

प्रोग्रामिंगच्या धंद्यात नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावली जाते: कंपायलर चुकत नसतो. तो तिरसट असेल, वेळखाऊ असेल, एका विसरलेल्या अर्धविरामापायी दोनशे ओळी बडबडेल, पण चुकलेले तुम्हीच असता. हे इतक्या वेळा ऐकावं लागतं आणि त्याहून वाईट म्हणजे इतक्या वेळा खरं निघतं, की काही वर्षांनी माणूस घरीसुद्धा भांडणाला तोंड फुटायच्या आत माफी मागून मोकळा होतो.

आणि मग एखाद्या दिवशी कंपायलर चुकतो. खरोखर चुकतो. तुमचा कोड निर्दोष असतो, भाषेच्या प्रमाणग्रंथातला परिच्छेद तुमच्या बाजूने उभा असतो, आणि कंपायलर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ एवढं पुटपुटून आडवा होतो. त्या क्षणी आनंद होतो, नाही असं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण बरोबर! तो आनंद साधारण चहा निवेपर्यंत टिकतो. चूक आपली असली की ती दुरुस्त करून सहाच्या बसने घरी जाता येतं. चूक आपली नाही हे सिद्ध झालं, की बस चुकायला लागते.

आमची भानगड सी प्लस प्लस भाषेतली. ज्यांचा या भाषेशी कधी संबंध आला नाही त्यांनी नशीब काढलं आहे. तरी पुढचं कळण्यापुरती पात्रांची ओळख करून देतो.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७९ साली ब्यार्ने स्ट्राउस्ट्रूप या डॅनिश गृहस्थांनी सी या भाषेला क्लास जोडायला घेतले. १९८३ मध्ये तिचं सी प्लस प्लस असं बारसं झालं, आणि तेव्हापासून तिच्यात भरच पडत आली आहे; काढून टाकलेलं फारच थोडं. २०२० च्या प्रमाणग्रंथाची पानं अठराशेच्या वर जातात. तो सबंध वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी त्याला काही विचारणार नाही, आधी जेवायला घालीन.

या भाषेत टेम्प्लेट नावाची सोय आहे. मूळ हेतू अगदी सज्जन. आकड्यांची यादी, नावांची यादी, तारखांची यादी, असं तेच ते तीनदा कशाला लिहा? एकदा साचा लिहून ठेवावा, प्रकार मागाहून भरावा. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग १९९४ मध्ये सॅन डिएगोला प्रमाणसमितीची बैठक भरली आणि तिथे एर्विन उनरूह यांनी एक प्रोग्राम दाखवला. तो कंपाइल होत नव्हता. पण कंपाइल न होताना कंपायलर ज्या चुका छापत होता, त्यांत ओळीने २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या येत होत्या. म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधीच, खरं तर कधीच चालणार नसताना, गणित करून बसला होता. याद्या करण्यासाठी आणलेल्या साच्याला कोणी न शिकवता हिशोब येत होता. दुसरीकडे कुठे असं घडलं असतं तर लोकांनी दार ओढून घेतलं असतं आणि पुन्हा त्या खोलीचं नाव काढलं नसतं. सी प्लस प्लसच्या लोकांनी त्यावर पुस्तकं लिहिली.

पुढे हेही सिद्ध झालं, की टेम्प्लेटांना येणारा हिशोब थोडाथोडका नाही. जे कुठलंही यंत्र करू शकतं ते सगळं. त्यामुळे एखादं टेम्प्लेट उलगडायला घेतलं तर ते कधीतरी संपेल की नाही, हे आधी सांगणारी सर्वसाधारण युक्ती असूच शकत नाही. गणितातला हा मोठा, गंभीर, निराशाजनक निष्कर्ष. त्यावर जीसीसी या कंपायलरने काढलेला तोडगा: नऊशे. ९०० पातळ्या खोल गेलं की तो थांबतो आणि पुरे म्हणतो. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा धीर जरा जास्त, तो १०२४ पर्यंत जातो. सिद्धान्ताला इतकं रोकडं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमच्या भानगडीतलं दुसरं पात्र म्हणजे लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन. त्याचं घराणं टेम्प्लेटाहून जुनं. १९३० च्या दशकात प्रिन्स्टनला अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने एक गणित मांडलं, ज्यात फंक्शनशिवाय काहीच नाही. संख्याही नाहीत. तीन म्हणजे काय, तर सांगितलेलं काम तीनदा करणारं फंक्शन. शिवाय प्रत्येक फंक्शन एका वेळी एकच गोष्ट हातात घेणार. दोन द्यायच्या असतील तर लॅम्डाच्या पोटात दुसरा लॅम्डा घालायचा. तेव्हा लॅम्डात लॅम्डा हा आजच्या पोरांचा आचरटपणा आहे असं जे आमचे काही समवयस्क म्हणतात, त्यांना मी चर्चसाहेबांकडे पाठवतो. तिथे बेरीजसुद्धा त्याशिवाय होत नाही.

सी प्लस प्लसमध्ये लॅम्डा यायला २०११ उजाडलं. त्या आवृत्तीला आधीपासून ‘सी प्लस प्लस झीरो एक्स’ म्हणत. एक्सच्या जागी दशकातलं जे वर्ष असेल ते घालायचं. दशक संपलं, आवृत्ती आली नाही. तेव्हा स्ट्राउस्ट्रूप यांनी गमतीने सुचवलं, की एक्स हा अंक सोळाच्या पायावरच्या संख्यापद्धतीतला धरावा. तिच्यात नवानंतर आणखी सहा अंक असतात. मुंबई-गोवा महामार्गाचं काम करणाऱ्यांच्या हे अजून कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे.

त्याच आवृत्तीने दुसरा एक उपकार केला. तोवर टेम्प्लेटच्या आत टेम्प्लेट लिहिलं की शेवटचे दोन टोकदार कंस > > असे फटीने लांब ठेवावे लागत. चिकटले की कंपायलरला ते बिट उजवीकडे सरकवायचं चिन्ह वाटे. १९९८ पासून तेरा वर्षं जगभरचे लोक, लाखो रुपये पगार घेऊन, ती एक मोकळी जागा टाइप करत होते.

लॅम्डा दिसायला कसा असतो ते दाखवायला मला रोमन अक्षरांची गरज नाही. हे पाहा:

[](){}();

हे सी प्लस प्लसमधलं संपूर्ण, वैध वाक्य आहे. चौकोनी, गोल, महिरपी, पुन्हा गोल. अर्थ असा, की एक फंक्शन तयार करा, ज्याला काही लागत नाही आणि जे काही करत नाही, आणि ते ताबडतोब करून टाका. काही कार्यालयांत याच पद्धतीने कामकाज चालतं, पण तिथे त्याला कंस नसतात.

लॅम्डाची खुबी अशी, की त्याला नाव नाही. जिथे लागला तिथेच लिहिला, वापरला, संपलं. पण कंपायलरला बिननावाचं काही पचत नाही. तो प्रत्येक लॅम्डासाठी मनातल्या मनात एक क्लास तयार करतो आणि त्याला अमक्याच्या आतला पहिला, त्याच्या आतला दुसरा असा पत्ता चिकटवतो. लग्नघरात अनोळखी माणसाची ओळख सांगतात ना, नवरीच्या मावसबहिणीच्या धाकट्या दिराचा मुलगा, तसं. नाव कोणालाच ठाऊक नसतं, पण नातं पक्कं असलं की पंगतीत पान मांडलं जातं. आता या घराण्यात टेम्प्लेट सोडा. बाहेरचं फंक्शन टेम्प्लेट असेल तर ते जितक्या प्रकारांसाठी उलगडेल तितक्या वेळा आतला लॅम्डा नव्याने जन्म घेतो. पूर्णांकासाठी एक, स्ट्रिंगसाठी एक. अक्षर न अक्षर सारखे, तरी कायद्याने परके. किंबहुना एकाच ओळीत []{} आणि []{} असे दोन रिकामे लॅम्डा लिहिले, तरी त्यांचे प्रकार वेगवेगळे आणि दोघांना एकमेकांची ओळख नाही.

२०१४ मध्ये लॅम्डाला ‘ऑटो’ लिहून स्वतःच टेम्प्लेट व्हायची मुभा मिळाली. २०२० मध्ये टोकदार कंसही मिळाले आणि वर ‘मी अमुक गुणांच्या प्रकारांनाच घेईन’ अशा अटी घालायची सोय झाली. मग टेम्प्लेटात लॅम्डा, तोही टेम्प्लेट, त्याच्या पोटात दुसरा लॅम्डा, तोही टेम्प्लेट आणि शिवाय अटी घालणारा, अशी मांडणी कोणीतरी करणारच होतं. आमच्याकडे ती एका अतिशय हुशार मुलाने केली. काम होतं एका यादीतून नको त्या नोंदी गाळायचं. साध्या लूपने ते चार ओळींत झालं असतं. त्याने अकरा ओळी घेतल्या, पण एकदाही लूप वापरला नाही. हा त्याच्या दृष्टीने विजय होता, आणि तो विजयच होता, कारण कोड बरोबर होता.

हा कोड पोटात घेताना कंपायलरला एक ठरवावं लागतं: आतल्या लॅम्डाने बाहेरचं काय काय बरोबर न्यायचं? चौकोनी कंसात तुम्ही फक्त ‘लागेल ते घे’ एवढंच सांगितलेलं असतं. पण लागेल काय, हे आतल्या ‘ऑटो’चा प्रकार कळेपर्यंत कळत नाही. एखादा स्थिर पूर्णांक नुसता वाचायचा असेल तर न्यायची गरज नाही, त्याचा पत्ता कोणी मागणार असेल तर गरज आहे, आणि कोण काय मागणार ते तर मागाहून ठरणार. यावर प्रमाणग्रंथाचा नियम असा, की आतल्या वाक्यात त्या व्हेरिएबलचं नाव आलं तर ते उचलून घ्यावं, पुढे लागो न लागो. आणि आतल्याने घ्यायचं तर आधी मधल्याने घेतलेलं असलं पाहिजे. ‘असू दे, लागेल’ हे तत्त्व अठराशे पानांच्या ग्रंथात इतक्या शांतपणे आलेलं पाहून मला भरून आलं.

आमचा बग मात्र तिथे नव्हता. तो पातळ्यांत होता.

कंपायलर या सगळ्या अज्ञात प्रकारांचा हिशोब पातळ्यांनी ठेवतो. बाहेरच्या टेम्प्लेटचा प्रकार पातळी शून्य, पहिल्या लॅम्डाचा पातळी एक, त्याच्या पोटातल्याचा पातळी दोन. बाहेरच्याची किंमत कळली, समजा पूर्णांक, की ती पातळीच नाहीशी होते आणि आतल्या सगळ्यांनी एकेक पायरी उतरायची असते. एकचा शून्य, दोनचा एक. हे झाडून सगळीकडे घडावं लागतं: फंक्शनच्या आत, त्याला मिळणाऱ्या गोष्टींत, ते जे परत देणार त्यात, आणि अटींतही. एखादा कोपऱ्यातला उतरायचा राहिला, तर तो अजून ‘पातळी दोन’ म्हणून ज्या दाराकडे बोट दाखवतो, तिथे आता कोणीच राहत नाही. आमच्या कंपायलरमध्ये सगळे उतरले होते. अट वर राहिली होती.

(कंपायलर कोणता ते सांगत नाही. तो विनामूल्य मिळतो, आणि फुकटच्याला नावं ठेवू नयेत.)

कोसळताना कंपायलर काय बोलतात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जीसीसीला एखादी गोष्ट अजून येत नसेल तर त्याचा निरोप चक्क ‘सॉरी’ने सुरू होतो. तुमच्या कोडात आधीच चुका सापडलेल्या असतील आणि मग तो स्वतः कोसळायच्या बेतात आला, तर तो कबूल करतो की आधीच्या चुकांमुळे मी गोंधळलो आहे, येतो. इतकी निखळ वाक्यं मी माणसांच्या तोंडून ऐकलेली नाहीत. शिवाय या प्रोग्रामांच्या पोटात जागोजागी ‘इथे कोणी पोचूच शकत नाही’ अशा अर्थाच्या पाट्या लावलेल्या असतात. पोचलंच कोणी, तर कंपायलर तिथल्या तिथे प्राण सोडतो. आमचा हुशार मुलगा अशाच एका पाटीपाशी पोचला होता.

बग नोंदवणाऱ्यांनीही या दुखण्यांचे प्रकार पाडून ठेवले आहेत. बरोबर कोडवर कोसळणं हा एक. चुकीच्या कोडवर कोसळणं हा दुसरा, आणि त्याची फारशी दया कोणाला येत नाही. मुळात तो कोड चुकीचाच होता ना, मग कंपायलरने ‘चूक’ म्हणायच्या ऐवजी जीव दिला, एवढंच. बरोबर कोड नाकारणं, चुकीचा कोड मुकाट स्वीकारणं, हे आणखी दोन. सगळ्यांत भीतीदायक शेवटचा: कोड बरोबर, कंपायलर प्रसन्न, तक्रार शून्य, आणि तयार झालेला प्रोग्राम दोन अधिक दोन पाच करतोय. त्या मानाने धडधडीत कोसळणारा कंपायलर हा सरळमार्गी प्राणी म्हणावा लागेल.

‘कंपायलरचा बग आहे,’ मी शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला सांगितलं.

‘बरं,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘झोप वगैरे नीट होतेय ना?’

या अविश्वासाला खरं म्हणजे आधार नाही. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचा एक प्रोग्राम लिहिला, ज्याचं काम एकच: मनाला येईल तसे पण वैध असे सीचे प्रोग्राम पाडत राहायचे आणि ते निरनिराळ्या कंपायलरांना खाऊ घालायचे. २०११ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला तेव्हा तोवर कोणाला माहीत नसलेले सव्वातीनशेहून अधिक बग हाती लागले होते. तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी कोसळला होता, आणि प्रत्येकाने कधी ना कधी गुपचूप चुकीचा कोडही तयार केला होता. हे सगळं मी सहकाऱ्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण तू तुझा कोड पुन्हा एकदा पाहिलास का?’

साहेबांकडे गेलो तर तिथे वेगळाच पेच.

‘किती वेळ लागेल?’

‘कंपायलर दुरुस्त करायला? सांगता येत नाही, सर.’

‘ते नाही रे. आपला कोड बदलून वेळ मारून न्यायला?’

‘पाच मिनिटं. आतला लॅम्डा बाहेर काढून त्याला नाव दिलं, की कंपायलर कोसळत नाही.’

‘मग?’

या ‘मग?’ला उत्तर नव्हतं. पाच मिनिटांत तो लॅम्डा बाहेर काढला, नाव दिलं, वर तीन ओळींची टीप लिहिली, बिल्ड झालं, ऑफिसच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. पण आयुष्यात पहिल्यांदा आपण बरोबर ठरलो आहोत आणि त्याची कुठे नोंदही होणार नाही, ही कल्पना सहन होईना. उरलेलं सगळं मी फावल्या वेळात केलं. फावला वेळ म्हणजे घरचे ज्याला रविवार म्हणतात तो.

बग नोंदवायचा तर उदाहरण छोटं लागतं. कंपनीचा सबंध पसारा परक्यांपुढे ओतता येत नाही, आणि ओतायचं म्हटलं तर वकील आडवे येतात. सगळ्या हेडर फाइली पोटात घेऊन एकच फाइल काढली, तेव्हा अकरा ओळींच्या त्या करामतीचा पिसारा लाखभर ओळींचा झाला. मग छाटणी. त्यासाठी युटाच्याच मंडळींनी केलेलं सी-रिड्यूस नावाचं हत्यार आहे. त्याला तुम्ही एकच प्रश्न शिकवायचा: कंपायलर अजून कोसळतोय का? मग ते फाइलीतला एखादा तुकडा काढतं आणि प्रश्न विचारतं. उत्तर हो आलं तर तुकडा टाकून देतं, नाही आलं तर जागेवर ठेवतं. आपण झोपायचं.

यात एक मेख आहे. प्रश्न मोघम विचारला, की छाटता छाटता हे हत्यार वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच बगकडे मुक्कामाला जातं. सकाळी हातात सुबक, सहा ओळींचं उदाहरण असतं, कंपायलर कोसळतही असतो, पण भलत्याच जागी. एक बग घेऊन गेलेल्या माणसाला घरी येताना दोन घेऊन यावं लागतं, आणि दुसऱ्याबद्दल कोणालाही काही न बोलण्याचा मोह किती मोठा असतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून प्रश्न नेमका हवा: याच फंक्शनात, याच पाटीपाशी कोसळतोय का?

तसा विचारल्यावर उदाहरण नऊ ओळींवर आलं. विचारपूर्वक ठेवलेल्या सगळ्या नावांची ए, बी, सी, डी झाली होती. नोंदी गाळायचं काम तर कधीच गळून गेलं होतं. उरले होते ते नुसते एकमेकांच्या पोटात बसलेले कंस आणि एक अट. आमच्या हुशार मुलाने ते पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, ‘हे कोणी लिहिलंय? भयंकर आहे.’ मी त्याला काही सांगितलं नाही.

कंपायलरच्या पोटात उतरणं हा निराळाच अनुभव. बाहेरून ज्याच्यापुढे आपण थरथर कापतो, ते आतून माणसांनीच लिहिलेलं असतं. जीसीसीचं उदाहरण घ्या. तिथली टेम्प्लेटांची सगळी व्यवस्था पाहणारी एक फाइल आहे, तीस हजार ओळींच्या आसपास. तिच्या डोक्यावरच, पहिल्या काही ओळींत, माहीत असलेल्या उणिवांची कबुली लिहून ठेवली आहे. आणखी एक गंमत: जीसीसी २०१३ पासून सी प्लस प्लसमध्येच बांधला जातो, त्याच सुमाराला त्याला २०११ ची आवृत्ती पुरती कळायला लागली, पण त्याच्या स्वतःच्या कोडात त्या आवृत्तीतलं काही वापरायची परवानगी मिळायला २०२१ उजाडलं. जुन्या यंत्रांवर जुन्या कंपायलरनेही तो बांधता यावा म्हणून. म्हणजे इतकी वर्षं जगभरचे लॅम्डा सोडवणाऱ्या प्रोग्रामला स्वतःला लॅम्डा लिहायची बंदी. घरचा आचारी उपाशी राहतो तो असा.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या आणि जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं. त्यामुळे ‘मराठी मुलखात ही वाट दाखवणारं कोणी नव्हतं’ ही सबबही मला सांगता येत नाही.

डीबगर लावून कंपायलर चालवला. टेम्प्लेट उलगडणारं फंक्शन स्वतःलाच बोलावतं, ते बोलावलेलं पुन्हा स्वतःला, आणि कोण कोणाला बोलावून इथवर आलं त्या यादीत एकच नाव पानंच्या पानं खाली उतरत जातं. आपला लॅम्डा यातल्या नेमक्या कुठल्या खेपेत सापडेल ते कळायला तेवढ्या वेळा ‘पुढे चल’ म्हणत बसायचं. शेवटी दिसलं ते असं, की लॅम्डाची बाकीची सगळी अंगं एका वाटेने जात होती आणि अट दुसऱ्या. त्या दुसऱ्या वाटेवर पायरी उतरायची सूचना कोणी लावलीच नव्हती. अटींची सोय भाषेत मागाहून आली, तिच्यासाठी वेगळी वाट काढली गेली, आणि त्या वाटेने लॅम्डाच्या पोटातला लॅम्डा जाईल हे कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. माझ्याही आलं नसतं.

उपाय सरळ दिसत होता: सगळ्यांना सरसकट एक पायरी खाली उतरवा. पण काहीजण आधीच उतरलेले होते. ते दोन उतरले. आमचं नऊ ओळींचं उदाहरण पास झालं आणि कुठल्या कुठल्या जुन्या टेस्ट धडाधड पडल्या. मग ज्याचं उतरायचं राहिलंय त्यालाच उतरवायचं, म्हणजे आधी त्याला विचारायचं, म्हणजे त्याला उत्तर देता यायला हवं. हे सगळं करून झाल्यावर फालतू ते काढत गेलो, तेव्हा शेवटी फरक उरला एका ओळीचा. एका फंक्शनला अमुक गोष्ट द्यायची त्याऐवजी तमुक द्यायची. ती ओळ समजावणारा मजकूर दीड पान, आणि तपासणारी टेस्ट त्या ओळीच्या कितीतरी पट.

मोठा प्रश्न पुढे होता. कंपायलर बदलला की तो आधी स्वतःला कंपाइल करून दाखवतो. जीसीसीची पद्धत तर अशी, की जुन्या कंपायलरने नवा बांधायचा, त्या नव्याने पुन्हा तोच बांधायचा, आणि त्याने तिसऱ्यांदा. दुसरा आणि तिसरा तंतोतंत जुळले तर पास. आमच्या कंपायलरचा विधी जरा आटोपशीर आहे, तरी तो चालू असताना लॅपटॉपचा पंखा ज्या आवाजात फिरतो, त्यावर घरात ‘तुझं आटपत आलं का?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. तो किती वेळा विचारला गेला याची गणती मी ठेवलेली नाही, दुसऱ्या कोणीतरी ठेवली आहे.

पॅच पाठवण्याआधी कंपनीच्या वकिलाला भेटावं लागलं. ते भले गृहस्थ, पण त्यांची गाडी एका ठिकाणी अडली.

‘म्हणजे हे काम आपण फुकट करायचं?’

‘हो.’

‘आणि ते प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही फुकट मिळणार?’

‘हो. त्यांचंही आपल्याला मिळतं.’

‘आणि हे कितीजणांच्या उपयोगी पडेल?’

मी प्रामाणिकपणे विचार केला. टेम्प्लेटात लॅम्डात लॅम्डा, वर अट. ‘थोड्यांच्या,’ मी म्हणालो. ते ऐकून त्यांना एकदम हायसं वाटलं आणि त्यांनी सही केली.

रिव्ह्यू करणाऱ्या बाई दुसऱ्या खंडात. त्यांनी ती एक ओळ पाहून लिहिलं, हे बरोबर दिसतंय, पण बरोबर का आहे? मी दीड पानाची तीन पानं केली. त्यावर त्यांचं म्हणणं आलं की आता पटलं, मात्र पहिल्या पानावरच्या टिप्पणीत पूर्णविराम राहिला आहे. जीसीसी ज्या जीएनू प्रकल्पाचा, त्याच्या लेखनसंकेतांत टिप्पणीतल्या वाक्यानंतर दोन मोकळ्या जागा सोडायला सांगितलं आहे. आमच्या कंपायलरचे नियम वेगळे, बाणा तोच. पूर्णविराम दिला. पॅच आत गेला. ‘फिक्स्ड’ असा शिक्का बसला. मी त्या पडद्याचा फोटो काढून शेजारच्या सहकाऱ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं: ‘अभिनंदन! म्हणजे बग खरंच होता?’

दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आली. आमच्या ऑफिसात ती यायला अवकाश आहे. बिल्ड सर्व्हरवर जो कंपायलर आहे तो बदलायचा तर सतरा गटांची संमती लागते, आणि त्यांपैकी एका गटाचा कोड जुन्या कंपायलरच्या कुठल्याशा दुसऱ्या बगवर टेकून उभा आहे. तेव्हा त्या लॅम्डाला दिलेलं नाव आणि वरची तीन ओळींची टीप जागच्या जागी आहेत. हुशार मुलगा मधूनमधून येऊन विचारतो, ‘आता आत घेऊ का परत?’ मी त्याला थांबवून ठेवलं आहे.

एवढ्यात तिकडे नवी तक्रार नोंदवली गेली आहे. पोलंडमधल्या कोणा सद्गृहस्थाने पाठवलेली. टेम्प्लेट, त्यात लॅम्डा, त्यात लॅम्डा, त्यात लॅम्डा, सगळ्यांत आतल्यावर अट. कंपायलर त्याच पाटीपाशी आडवा. उदाहरण छान छाटलेलं आहे, मला एकही ओळ कमी करता आली नाही. खाली त्यांनी मुद्दाम लिहिलं आहे की दोन पातळ्यांपर्यंत नव्या आवृत्तीत सगळं व्यवस्थित चालतं, ज्याने ते केलं त्याचे आभार, आणि तिसरीचंही तोच बघेल ना?